बाप ससुरालला गेला

दिवाळी अंकवाल्या पोरांचा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा निवडत बसले होते. "मॅडम, पोलीस खात्यातले थरारक किस्से लिहून द्या," म्हणे. "पाठलाग, जंगल, गोळीबार, असं काही तरी." मी म्हटलं, बाबू, माझी अर्धी नोकरी कैदी पार्टीत गेली आणि उरलेली कोर्टाच्या व्हरांड्यात. पाठलाग केलाच असेल तर व्हरांड्यात पळणाऱ्या दोन-अडीच वर्षांच्या लेकरांचा. ते लिहू का? पोरगा जरा थांबला आणि "चालेल" म्हणाला. चालेल! म्हणजे दुसरं कोणी मिळालेलं दिसत नाही. असू दे. चाललंय तर वाचा आता.

कैदी पार्टी म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, कैद्यांना जेवण देत असतील. तसलं काही नाही. ज्याला जामीन मिळाला नाही तो आरोपी जेलात असतो आणि त्याचा खटला कोर्टात चालतो. जेल एका टोकाला, कोर्ट दुसऱ्या टोकाला. तारखेच्या दिवशी पोलिसांची एक तुकडी जेलातून आरोपींना ताब्यात घेते, गाडीत बसवते, कोर्टाच्या लॉकअपमध्ये आणून ठेवते, नावाचा पुकारा झाला की जजसाहेबांपुढे उभं करते आणि दिवस मावळायच्या आत जेलात परत पोचवते. त्या तुकडीला पार्टी म्हणतात. बाई आरोपी असली की पार्टीत बाई शिपाई लागतेच, म्हणून मी. नसली की मला कोर्टातच ड्यूटी. गोंदियाकडचं, एवढंच सांगते; कोणतं कोर्ट, कोणता जेल, हे विचारू नका. खात्यातून निघाले तरी जिभेला सवय लागलेली आहे.

लॉकअप आणि कोर्टरूम यांच्या मध्ये आमच्याकडे एक लांब व्हरांडा होता. नियम असा की आरोपीला वाटेत कोणाशी बोलू द्यायचं नाही. नियम चुकीचा नाही, मी सांगते तुम्हाला. लोक काय काय देतात! एकदा एका आरोपीच्या भावानं सहा महिन्यांच्या लेकराच्या लंगोटात खर्ऱ्याच्या पुड्या कोंबल्या होत्या. लेकरू रडतंय, तंबाखूनं कंबर लाल झालेली, आणि हा म्हणतो, "मॅडम, गर्मीनं आलं असंल." खर्रा मी नालीत फेकला, लेकराला नळाखाली धुतलं आणि त्या शहाण्याला जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण नियमाच्या बाजूला एक रीत होती. तिला 'पाच मिनिटं' म्हणायचे. कुठं लिहिलेली नाही. आरोपीचं लेकरू आलेलं असलं की हवालदार घड्याळाकडे बघून म्हणायचा, "पाच मिनिटं," आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. त्या पाच मिनिटांत पडलेले दात दाखवून व्हायचे, पाढे म्हणून व्हायचे, बापाच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाचं बटण पिळून व्हायचं. एक बाई होती, तिची सासू तान्ही नात घेऊन यायची. ती जिन्याखाली बसून लेकराला पाजायची आणि मी पाठ करून आडोशाला उभी राहायची. दूध दाटून छाती फुटायला आलेल्या बाईला मी कोणतं कलम वाचून दाखवणार होते?

आणि दुपट्टा. आमच्याकडच्या गडीमाणसाच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. गाडीतून उतरायच्या आधी प्रत्येक बाप हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "मॅडम, दुपट्टा टाका जी." बेडीवर दुपट्टा. लेकरानं बेडी बघू नये म्हणून. दरोड्यातला आरोपी असो नाहीतर दारूच्या केसमधला, हे वाक्य एकच. मी टाकायची. लेकरांना दुपट्ट्याखाली काय आहे ते माहीत असायचं, असं माझं मत आहे, पण ती बापाचा मान ठेवायची.

मग व्हीसी आली. व्हीसी म्हणजे आरोपीला कोर्टात आणायचंच नाही, जेलातल्या खोलीत कॅमेऱ्यापुढे उभं करायचं आणि साहेबांनी पडद्यावर बघून पुढची तारीख द्यायची. चांगली सोय आहे. डिझेल वाचलं, माणसं वाचली, वाटेत कोणी पळून जायची भीती गेली. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या, कारण त्या गाडीत बसून माझ्या मणक्यांचं वाटोळं झालं होतं. पण व्हरांड्याचं काय, हे त्या बैठकीत एकानंही विचारलं नाही. व्हरांड्याला येणाऱ्यांना कोणी कळवलंही नाही. ते आपले तारखेला येतच राहिले. लेकरांना नवे कपडे घालून, डोक्याला तेल लावून आणायचे आणि पार दुपार कलंडेपर्यंत जिन्यावर बसायचे. शेवटी शिपाई येऊन सांगायचा, "त्याची तारीख होऊन गेली पण. पडद्यावर झाली."

तुम्ही म्हणाल, जेलात जाऊन भेटावं. भेटावं ना! दोन बस बदला, रोजी बुडवा, रांगेत उभे राहा आणि मग काचेपलीकडचा बाप फोनवर बघा. लेकराचं डोकं त्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हाताऱ्या आजीला त्या फोनात ऐकू येत नाही. एकदा जाऊन आलेले पुष्कळ लोक दुसऱ्यांदा जात नाहीत.

आता आचलची गोष्ट सांगते. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

आचल तेव्हा दुसरीत. आई कावीळ होऊन वारलेली. घरात बाप खेमराज आणि आजी पार्बताबाई. थोडी शेती, खाऊन-पिऊन बरं घर. खेमराजचं शेजाऱ्याशी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, पाण्यावरून भांडण झालं. धान निसवायच्या वेळी पाण्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांवर धावतात. खेमराजनं हातातलं फावडं मारलं. शेजारी वाचला, पण त्याचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही, आणि त्याच्या घरीही लेकरं आहेत. म्हणून खेमराज गरीब बिचारा, असं मी म्हणणार नाही. पण आरोप खेमराजवर होता. आचलवर कोणत्याही पोलीस ठाण्यात कसलाही गुन्हा दाखल नव्हता.

त्याला धरून नेलं तेव्हा ती शाळेत होती. आमची माणसं घरी गेली, फावडं जप्त केलं, रक्ताचा शर्ट जप्त केला, पंचांच्या सह्या घेतल्या. शाळेतून पोरगी येईल तेव्हा तिला कोण काय सांगेल, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. येतच नाही. एवढ्या वर्षांत अटकेच्या वेळी "घरात लहान कोण आहे?" असं विचारलेलं मी क्वचित ऐकलं. मोबाईल कुठं आहे हे मात्र पहिल्या दमात विचारतात.

पार्बताबाईनं नातीला सांगितलं, बाबा नागपूरले कामाले गेले. आमच्या भागातली निम्मी लेकरं हे वाक्य ऐकूनच मोठी होतात, त्यामुळे ते खपायला हवं होतं. खपलं नाही, कारण गावाला तोंड असतं. शाळेतली पोट्टी तिला म्हणायची, "तुहा बाप तं ससुरालले गेला!" आणि हसायची. दुकानदार म्हणायचा, "काऊन वो, बाप ससुरालहून कवा येते?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गोंदियात अर्धं बोलणं हिंदीत चालतं आणि जेलला ससुराल म्हणणं हा इथला जुना विनोद आहे. पोलीस म्हणतात, वकील म्हणतात, पानठेल्यावर उभे राहणारे म्हणतात. सुटून आलेला आरोपी स्वतःसुद्धा म्हणतो, "ससुरालमधी जाऊन आलो भाऊ." हा विनोद सात वर्षांच्या पोरीला कळेल का, एवढा विचार करायला वेळ कोणाला आहे?

थंडीचे दिवस होते, धान निघून बांध्या रिकाम्या झालेल्या. तारखेला पार्बताबाई नातीला घेऊन कोर्टात आली. तिला सांगून आणलं होतं की बाबा कामावरून आज गोंदियाले येणार आहेत. पोरीच्या अंगात लाल स्वेटर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू. मी पार्बताबाईला म्हटलं, "माय, आता आरोपी आणत नाहीत. टीव्हीवर तारीख होते." तिला ते पटलं नाही. "अवो, कोर्टात माणूस नाही आणत तं कोर्ट करते तरी का?" म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनी द्यावं. त्या दोघी जिन्यावर बसून राहिल्या.

दुपारी मी एका साक्षीदार बाईला वर घेऊन गेले. खाली आले तर पार्बताबाई व्हरांडाभर धावत होती. "माही पोट्टी दिसून नाही रायली वो मॅडम! लघवीले गेली म्हणली आणि गेलीच!"

आवारभर शोधलं. संडासात, झेरॉक्सवाल्याकडे, वकिलांच्या टेबलांखाली, सगळीकडे. शेवटी चहावाला म्हणाला, "लाल स्वेटरवाली ना? मेरे पास आयी थी. पूछ रही थी बाबा कब आएंगे. मैंने बोला, तेरा बाप ससुराल में है, आज नहीं आता."

"आणि मग?"

"मग काय मॅडम, एकदम समझ गयी ऐसा मुंडी हिलायी और निकल गयी."

मी त्याला झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात पार्बताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मायबाई! बाबाची ससुराल म्हणजे तिच्या मायचं गाव. मामाच्या घरी निघाली वो पोट्टी! बिरसीकडं!"

मी स्कूटी काढली, बुढीला मागं बसवलं. तिला आयुष्यात स्कूटीची सवय नाही, तिनं माझा गणवेश मागून असा आवळला की बटणं तुटतात की काय. रस्त्यानं मला एकच दिसत होतं, बालाघाट रोडचे ट्रक आणि त्यांच्या बाजूनं चालणारं लाल स्वेटर. डोळ्यांपुढून ते हलत नव्हतं. शिकाऊ वैमानिकांची बारकी विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती, बिरसीला दिवसभर ती तशी उतरतात आणि चढतात. त्या दिवशी त्यांचाही राग येत होता.

वाटेवरच्या नागऱ्यात महादेवाच्या मंदिराशी फुलं विकणाऱ्या बाईनं तिला धरून बसवलं होतं. म्हणाली, "एकटी पोट्टी पाहून म्या बसवलं जी. विचारलं कोठी जातं, तं म्हणते विमान जेथी उतरते तेथी." आचल पायरीवर बसून प्रसादाचं खोबरं खात होती. लाडूंच्या पिशवीची गाठ तशीच होती.

मी तिच्यापुढे बसले. "कोठी चालली वो माय?"

"मामाच्या गावी."

"एकटीच?"

"बाबा तं एकटेच गेले न!" ती म्हणाली. "मले ठेवून गेले. आजी म्हणते कामाले गेले, मले मालूम आहे ससुरालले गेले. तेथी मामीच्या हातचं खाऊन रायले असतील आणि मले नेलं नाही."

ऐका हे. इतके दिवस ती पोरगी असं समजत होती की आपला बाप मामाकडे मजेत राहतो आहे आणि आपण त्याला नको आहोत. तो जेलात आहे हे तिला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. पण हे त्याहून वाईट होतं, आणि ते तिच्या डोक्यात आम्ही सगळ्यांनी मिळून घातलं होतं, आजीनं मायेनं आणि बाकीच्यांनी दात काढून.

मी तिला परत कोर्टात नेलं नाही. "चल, मामाच्या गावीच जाऊ," म्हटलं. कारण आता कोणी कितीही सांगितलं तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती मानणार नव्हती.

गावात पोचलो तेव्हा मामा अंगणात पंपाचा पाइप गुंडाळत होता. आचल धावत घरात शिरली. "बाबा! ओ बाबा!" स्वयंपाकघर बघितलं, माडीवर चढून बघितलं, गुरांच्या कोठ्यात वाकून बघितलं. बाहेर येऊन विचारलं, "मामा, बाबा वावरात गेले का?"

मामानं माझ्या वर्दीकडे बघितलं, बहिणीच्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "हाव बेटा, वावरा..."

"बस करा!" मी ओरडले. इतक्या जोरात की मामी घरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. "आणखी एक खोटं सांगाल तर तुम्हालाच गाडीत घालून नेईन."

मग तिथंच बाजेवर तिला जवळ बसवलं आणि सांगितलं. "आचल, तुझे बाबा इथं नाहीत. नागपूरलाही नाहीत. ते जेलात आहेत. भांडण झालं तेव्हा त्यांनी शेजारच्या काकाला फावड्यानं मारलं. मारायला नको होतं. आता कोर्ट ठरवेल पुढं काय करायचं. तोवर त्यांना बाहेर येता येत नाही."

तिनं लाडूंची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "मंग चायवाले काका ससुराल काऊन म्हणले?"

"लोक जेलाला ससुराल म्हणतात. गंमत म्हणून."

"त्याच्यात गंमत का आहे?"

मी मामाकडे बघितलं, मामानं पाइपकडे.

पुढचे तिचे प्रश्न मात्र सरळ होते. जेवाले देते का? देतात. भाजीत तिखट जास्त टाकत असतील तं? बाबाले तिखट चालत नाही. झोपाले खाट आहे का? आणि मग अगदी हळू, "मले सोडून नाही गेले न?"

"नाही गं. त्यांना नेलं. ते स्वतः होऊन गेले नाहीत."

"हाव?"

"हाव."

तिनं पिशवीची गाठ सोडली आणि एक लाडू काढून खाल्ला. मग दुसरा. दिवसभराची उपाशी होती.

परत येताना पार्बताबाई माझ्यावर उखडली. "पोट्टीले जेलाचं कायले सांगतलं? उमर आहे का तिची?" मी म्हटलं, "बाप जेलात जायची तरी तिची उमर आहे का? ते झालं ना? मग सांगायचं राहिलं कशाला?" बुढी माझ्या पाठीमागं रडत राहिली. स्कूटी कशी चालवली मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी एका साहेबांना फोन लावला, ज्यांचं कामच लेकरांचं रक्षण करणं आहे. म्हटलं, या पोरीसाठी काही करा, बापाची भेट घडवा. साहेब चांगल्या आवाजात म्हणाले, "आजीचं वय झालंय म्हणता, तर बालगृहात व्यवस्था होऊ शकते." झाली व्यवस्था! बाप आत आहे, आता पोरगीही आत टाका, म्हणजे सगळे हिशेबात आले. मी म्हटलं, "साहेब, तिला घर आहे. आजी आहे. तिला बाप बघायचा आहे, एवढंच." त्यावर ते म्हणाले की त्याची तरतूद बघावी लागेल. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून बघतच आहेत.

मग मी खेमराजच्या वकिलाला, म्हणजे सरकारकडून गरिबाला फुकट मिळतो त्या वकिलाला, धरलं. तरुण पोरगा होता, अजून बिघडला नव्हता. पुढच्या तारखेला त्यानं जजबाईंना विनंती केली की आरोपीची मुलगी आली आहे, पडद्यावर तरी बघू द्यावं. जजबाईंनी चष्मा काढला, आचलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इकडे आणा." शिपायानं पडदा तिच्याकडे वळवला.

खेमराज दिसला. दाढी वाढलेली, जरा वाळलेला. पलीकडे त्याला त्याच्या पडद्यावर ती दिसली असणार, कारण त्याचा चेहरा एकदम पिळवटला. पण माणूस पडद्याकडे बघतो आणि कॅमेरा असतो वर. त्यामुळे इकडून असं दिसतं की तो खाली कुठंतरी बघतोय. आवाजही तुटत होता. आचल वाट बघत राहिली की आता बाबा वर बघतील. तेवढ्यात पुढच्या केसचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बाबा माह्याकडे पायतच नव्हते. गुस्सा आहेत."

त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. सगळ्या देशाला जोडणारी तार टाकली म्हणता, आणि बापलेकीच्या नजरा जुळत नाहीत. डिझेल वाचलं ना पण! मी पुन्हा त्या वकिलाकडे गेले. त्यानं अर्ज केला, जजबाईंनी आरोपीला प्रत्यक्ष हजर करा असा हुकूम दिला. हुकूम देणं त्यांच्या हातात. आणणं आमच्या खात्याच्या हातात. मग कधी मंत्र्यांचा दौरा म्हणून बंदोबस्तात माणसं गेली, कधी गाडी नाही, कधी गाडी आहे तर ड्रायव्हर नाही. प्रत्येक वेळी लाल स्वेटर जिन्यावर. उन्हाळा आला तसा स्वेटर गेला आणि फ्रॉक आला. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. बापाला तिच्यापुढे उभं केल्याशिवाय मी वर्दी उतरवणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि वरिष्ठांना इतके फोन केले की एकानं माझा नंबर उचलणंच बंद केलं.

शेवटी आणलं एकदाचं. गाडी आवारात शिरली. हवालदार जुना, ओळखीचा. त्यानं मला बघितलं, जिन्यावरच्या पोरीला बघितलं आणि घड्याळाकडे न बघताच म्हणाला, "पाच मिनिटं, मॅडम." कितीतरी दिवसांनी तो शब्द ऐकला.

खेमराज गाडीच्या दारात आला. पोरगी दिसताच तिच्याकडे पाठ केली, गाडीशी उभ्या असलेल्या माझ्यापुढे हात केले आणि म्हणाला, "मॅडम, दुपट्टा टाका जी."

मी त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात आचल येऊन पोचली होती. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मले मालूम आहे. मॅडमनं सांगतलं."

तो गाडीच्या पायरीवर बसूनच गेला. एवढा उंच गडी, हमसून हमसून रडला. तिनं बेडीला बोट लावून बघितलं, दुखते का म्हणून विचारलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "त्या टीव्हीत तुमी माह्याकडे काऊन नाही पायलं?"

"तुह्याचकडे पाहत होतो वो बाई! तू खाली पडद्यावर होती न! तुले सोडून मी दुसरं का पाहीन?"

ती बेडीच्या हातांखालून वाकून त्याच्या मांडीवर बसली, मोठी झाली होती तरी. हवालदार कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. पाच मिनिटं कितीची झाली ते मी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी इथं लिहिलं नसतं.

आता मी निवृत्त आहे, म्हणून बोलते. व्हीसी बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या घरी लेकरू आहे त्याला अधूनमधून तरी कोर्टात आणा, आणि व्हरांड्याच्या टोकाला एक बाक टाका. जेलात काचेपुढे एक स्टूल ठेवा. अटक करायला जाल तेव्हा विचारा, घरात लहान कोण आहे, शाळेतून कधी येतं, त्याला कोण सांगणार. हे मागायला मोठा कायदा लागतो का? बापाची चूक ठरायला कोर्टाला वर्षं लागतात. लेकराची शिक्षा मात्र पहिल्याच दिवशी सुरू होते, आणि तिच्यावर अपील कुठं करायचं ते मला एवढ्या नोकरीत कोणी सांगितलं नाही.

खेमराज जामिनावर सुटला. खटला चालू आहे, निकाल काय लागेल तो लागेल. तो शेती करतो, शेजाऱ्याच्या बांधीकडे मान वर करून बघत नाही.

परवा त्याच्या पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं म्हणून मी गेले. पार्बताबाईनं मला मांडवात मानानं खुर्चीवर बसवलं. आचल आता चौथीत, नवा घागरा घालून मिरवत होती. हळद चालली होती, बायांच्या हसण्याला ऊत आलेला. नवरीच्या मावशीनं आचलच्या गालाला हळद फासली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता इचाच नंबर! काऊन वो आचल, तू बी जाशील न सासरी? धाडू न तुले ससुरालले?"

बाया हसल्या. आपल्याकडे पोरींना हे म्हणतातच, मलाही लहानपणी म्हणायचे. पण आचल हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत माझ्या खुर्चीशी आली, माझा हात घट्ट धरला आणि कानाशी तोंड आणून म्हणाली,

"मॅडम, मी तं कोणालेच मारलं नाही."